अंजलीच्या फोटोसाठी लेन्स निवडणेबाबत

कोणतंही काम हाती घेण्यापूर्वी त्यासाठी लागणारं साधन योग्य आहे की नाही हे नीट तपासून घेणं, हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण आहे. ज्यांच्याकडे एवढा धीर नसतो ते लोक सरळ काम करून मोकळे होतात. जगात आज जी एवढी कामं झालेली दिसतात ती अशाच लोकांनी करून ठेवलेली आहेत.

मी त्यांच्यातला नाही. मी गेवराईतल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोकांना आपापली कामं आठवतात.) सव्वीस वर्षांच्या नोकरीत घाईने घेतलेला एकही निर्णय माझ्या नावावर नाही. सावकाश घेतलेलेही फारसे नाहीत, पण त्यांची नस्ती मात्र अतिशय व्यवस्थित लावलेली आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्याकडे एक जुना फिल्मचा कॅमेरा आला. तो मला वाहेदने दिला. वाहेद माझा शाळेपासूनचा दोस्त, बसस्थानकाजवळ त्याचं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. या जातीचं वैशिष्ट्य असं, की आपण ज्या काचेतून बघतो ती खिडकी वेगळी आणि ज्या काचेतून फोटो निघतो ती लेन्स वेगळी. म्हणजे कुठलीही लेन्स लावा, खिडकीतून दिसायचं ते सारखंच दिसतं. लेन्सलेन्समधला फरक कळतो तो फिल्म धुतल्यावर. फिल्म धुवायची तर आधी फोटो काढावे लागतात. फोटो काढायचे तर आधी लेन्स ठरावी लागते. हे वाचताक्षणी माझ्या लक्षात आलं की हा कॅमेरा माझ्यासाठीच बनवलेला आहे.

आता फोटो कोणाचा काढायचा होता ते सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

माझे थोरले बंधू बन्सीदादा दिंद्रुडला असतात. शेती आणि पिठाची गिरणी. त्यांची मुलगी अंजली, वय तेवीस, पदवी झालेली, तलाठी भरतीच्या अभ्यासासाठी आमच्याकडे गेवराईला राहते. दादांचं मत असं, की पोरीचं लग्न आता होऊन जावं, अभ्यास काय सासरीही करता येतो. (हे विधान आमच्या घराण्यात तीन पिढ्या केलं जात आहे. त्यातून अद्याप एकही निकाल हाती आलेला नाही.)

लग्न म्हटलं की बायोडाटा आला आणि बायोडाटा म्हटला की फोटो आला. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी पत्रिका, गुण, नाडी, मंगळ सगळं एकदम सुटलं. ही फार मोठी गोष्ट झाली, तिचा मला अभिमान आहे. पण छत्तीस गुणांचं ओझं कुठंतरी उतरवून ठेवणं भाग होतं, ते हळूहळू फोटोवर येऊन बसलं. (फिल्मच्या एका रोलमध्येही छत्तीसच फोटो असतात, हा योगायोग मी नस्तीत नोंदवून ठेवला आहे.)

अंजलीचा पहिला फोटो एका स्टुडिओत काढला होता. फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर तिला इतकी गोरी केली की नाक कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते ते सांगता येईना. तो फोटो बघून पाटोद्याची मंडळी हौसेने आली. अंजलीने पोह्याच्या बश्या आणून ठेवल्या. मंडळी पोहे खाऊन पाणी प्याली आणि मुलाच्या मावशीने विचारलं, "फोटोतली पोरगी कुठाय?"

स्थळ आणणारे मध्यस्थ तात्याबा यांची त्या दिवशी जी अब्रू गेली ती अजून पूर्ण परत आलेली नाही. दादा तर चार दिवस गिरणीवर गेले नाहीत. तेव्हा मी त्यांना म्हणालो की मोबाईल आणि कॉम्प्युटर खोटं बोलतात, फिल्म बोलत नाही. फोटो मी काढतो. दादा मला मानतात, कारण घरात टेबलखुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. त्यांनी तिथंच जाहीर केलं, "आता फोटो प्रवीणच काढंल. तवर बायोडाटा कुनाच्या हातात देयचा न्हाई."

अशा रीतीने माझ्यावर जबाबदारी आली आणि मी नस्ती उघडली.

कॅमेऱ्याबरोबर एक पन्नास मिलिमीटरची लेन्स आलेली होती. ती आधीच घरात असल्यामुळे तिचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, हे उघड होतं. बाकीच्यांसाठी मी इंटरनेटवर वाचून तुलनात्मक तक्ता केला. रकाने असे: लेन्सचं मूळ (जर्मन, जपानी, रशियन), वय, बुरशी आहे किंवा कसे, वजन, किंमत (खरी), किंमत (घरात सांगायची), तज्ज्ञांचं मत, त्या मतावर इतर तज्ज्ञांचं मत, आणि शेरा. तक्ता आखण्यात अंजलीने मला फार मदत केली. तिचं अक्षर सुरेख आहे, आणि मुख्य म्हणजे लेन्सविषयी मी बोलत असताना समोर बसून ऐकणारी ती आमच्या घरातली एकमेव व्यक्ती होती. मांडीवर पुस्तक उघडं असायचं, पण मान अगदी वेळेवर हलायची.

पस्तीसची लेन्स मी आषाढात जवळजवळ नक्की केली होती. पस्तीसमध्ये पुष्कळ परिसर येतो. म्हणजे मुलीबरोबर घर, कूलर, मोटारसायकल हे सगळं एकाच फोटोत बसतं आणि स्थळाला वेगळी चौकशी करावी लागत नाही. पण अंजलीनेच लक्षात आणून दिलं, "काका, पस्तीसनं जवळून काढलं तर नाक मोठं येतंय म्हनं. आपल्या साळव्यांचं नाक तर आधीच बघा की."

मी आरशात जाऊन बघितलं. पस्तीस बाद झाली.

मग नव्वदवर विचार सुरू झाला. नव्वदमध्ये नाक जागेवर राहतं आणि चेहरा देखणा येतो, मागचं सगळं मात्र धुरकट होऊन जातं. यावर दोन महिने गेल्यावर अंजली म्हणाली, "मागं काहीच दिसलं न्हाई तर लोक म्हनतील घरात काहीतरी लपवायलेत." हा मुद्दा मला सुचला नव्हता याची मला खंत वाटली. नव्वद पुनर्विचारार्थ बाजूला ठेवली. पन्नासबद्दल बोलायचं तर पन्नास म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. आणि डोळ्याला दिसतं तसंच दाखवायचं असतं तर मग माणसं फोटो कशाला मागतात?

शिवाय धारेचा प्रश्न होताच. जर्मन लेन्स भलतीच धारदार, तिच्यात कपाळावरच्या पुटकुळीलाही नावगाव येतं. रशियन लेन्स सौम्य, पण कधी कधी इतकी सौम्य की मुलगी कोणाची तेच कळू नये.

अकराव्या महिन्याअखेरची आकडेवारी पुढीलप्रमाणे होती. विचाराधीन लेन्स त्रेसष्ट. प्राथमिक छाननीत बाद एक्केचाळीस. बाद केल्याबद्दल पश्चात्ताप होऊन परत घेतलेल्या सतरा. अंजलीने नव्याने शोधून आणलेल्या बारा. शिल्लक एक्कावन्न. खर्ची पडलेले रोल दोन, म्हणजे फोटो बहात्तर. त्यांपैकी कंपाउंडच्या भिंतीचे चव्वेचाळीस (विटांवरून लेन्सची परीक्षा होते; घरात पन्नासच होती, म्हणून तूर्त तिचीच), वर्तमानपत्राच्या पानाचे एकोणीस, पत्नी राजश्री नको म्हणत उठून जाताना तीन, आणि लेन्सचं झाकण काढायचं राहून गेल्यामुळे संपूर्ण काळे सहा. (खिडकी वेगळी असल्यामुळे झाकण लावलेलं असलं तरी आपल्याला सगळं छानच दिसत राहतं. नोकरीत असल्यासारखं वाटतं.) अंजलीचे फोटो शून्य.

"भिंतीचं लगीन करायचंय का?" राजश्रीने धुवून आलेले फोटो बघून विचारलं. ती शाळेत शिक्षिका आहे, प्रश्न नेमके विचारते.

वाहेद तर दुकानात गेलो की कपाळावर हात मारायचा. "अबे, काच हाय ती. समोर मानूस बसवायचा आन् दाबायचं. तू काय काचंशी निकाह लावायला का?" अशा लोकांना कलेतलं काही कळत नाही, तरी मैत्रीखातर मी चहा पिऊन येत असे.

मग एके दिवशी सकाळी राजश्री शाळेला निघताना दारातून परत आली. अंजली अभ्यासिकेत गेली होती. मी चहा पीत नव्याने मिळालेल्या एका जपानी लेन्सची माहिती वाचत होतो. ही लेन्स अंजलीनेच आदल्या दिवशी शोधून दिली होती.

"तुमाला खरंच कळत न्हाई का कळून घ्यायचं न्हाई?" राजश्री म्हणाली. "त्या पोरीला लेन्सचं काय पडलंय? फोटो निघाला की बायोडाटा जातोय, बायोडाटा गेला की पोरगी जाती. तिचा पेपर तीन महिन्यांवर आलाय. तुमी ठरवायला आलात की ती तुमच्यापुढं नवी लेन्स टाकती, आन् तुमी बसता कडबा चघळत."

मी म्हणालो, "तिला आवड आहे."

"तिला तलाठी व्हायचंय," राजश्री म्हणाली आणि गेली.

मला वाईट वाटलं. स्पष्टच सांगतो, फार वाईट वाटलं. मुलीला शिकायचं आहे याचं नव्हे. सव्वीस वर्षांत माझं बोलणं कुणीतरी मन लावून ऐकलं असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं, आणि ती मान पुस्तकातल्या ओळी मोजत हलत होती. दिवसभर कार्यालयात माझं लक्ष लागलं नाही. (याचा कामावर परिणाम झाला नाही.) संध्याकाळपर्यंत वाईट वाटण्याचा राग झाला आणि रागात मी ते केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी निर्णय घेतला. दादांना फोन लावला आणि म्हणालो, "रविवारी या. पन्नासची लेन्स लावतो. फोटो काढून टाकू."

रविवारी सकाळी दादा आले. बरोबर तात्याबाही आले, त्यांच्या खिशात तीन स्थळांचे पत्ते होते. अंगणात निळ्या भिंतीपुढे खुर्ची ठेवली. अंजलीने राजश्रीची मोरपंखी साडी नेसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. येऊन बसली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत दोन अंजली दिसल्या. या कॅमेऱ्यात सुरुवातीला तशाच दिसतात. एक ठळक, एक तिच्या बाजूला फिकट, आणि रिंग फिरवत दोघींना एकमेकींवर आणून बसवायचं असतं. मी रिंग फिरवू लागलो. तेवढ्यात लक्षात आलं की दोन्ही अंजलींचे ओठ हलताहेत. मला वाटलं, पोरगी घाबरली. मग नीट ऐकलं. ती जमीन महसुलाची कलमं पाठ म्हणत होती. मोरपंखी साडी नेसून, तात्याबांच्या समोर, फोटोला बसल्या बसल्या, फेरफाराची नोंद कशी घ्यायची ते पुटपुटत होती.

मी सरकारी नोकरीत आहे. कलम तोंडपाठ असलेला माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला स्वतःची लाज वाटली. अकरा महिने मी समजत होतो की मी लेन्स निवडतो आहे. खरं काम ती करत होती, आणि मी नुसता दाराला टेकवलेला दगड होतो. त्या दगडानं नेमकं आजच सरकायचं ठरवलं होतं.

मी कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं रं?" दादा म्हणाले.

"दादा, जमत नाही. लेन्सला बुरशी आहे."

अंजलीचे ओठ थांबले.

"बुरशी? बघू." दादांनी कॅमेरा हातात घेतला आणि खिडकीतून बघितलं. "आरं, चकचकीत दिसतंय की! दोन-दोन पोरी दिसायल्यात."

"ती खिडकी आहे दादा. फोटो लेन्समधून निघतो. लेन्समधलं खिडकीतून दिसत नाही."

"मग कुठून दिसतंय?"

"फिल्म धुतल्यावर."

दादांनी कॅमेरा उलटा केला, सुलटा केला, लेन्सवर फुंकर मारली. मी त्यांना समजावून सांगितलं. बुरशी कशी लागते, तिचे धागे कसे पसरतात, रशियन काचेवर कशी आणि जर्मन काचेवर कशी, हे मी त्यांना पाऊण तास सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या ज्ञानाचा कुणाला तरी उपयोग होत होता. दादा घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "मग मोबाईलवर काढा की एक!"

"मोबाईलचा न्हाई!" तात्याबा ताडकन उठले. "मागच्या टायमाला माझं तोंड काळं झालं पाटोद्यात. आता फिल्मचाच पायजे."

"मग त्या वाहेदला बोलवा," दादा म्हणाले. "तो सांगंल बुरशी हाय का न्हाई ते."

इथं पंचाईत झाली. आठच दिवसांपूर्वी वाहेदने ती लेन्स स्वतःच्या हाताने साफ करून दिली होती. त्याला खुणावायला मला सवडच मिळाली नाही. वाहेद आला. घड्याळजीचं भिंग डोळ्यात बसवून त्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली. मग भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं. खुर्चीत बसलेल्या अंजलीकडे बघितलं. त्याची मुलगी मुबश्शिरा अंजलीच्याच अभ्यासिकेत बसते, तिचाही तीन महिन्यांनी तोच पेपर होता.

"हाय ना," वाहेद गंभीरपणे म्हणाला. "लई हाय. उनात ठेवावं लागतंय."

"किती येळ?" दादा.

"तीन महिने."

"तीन महिने! काचंला?"

"घाई करायची असंल तर करा. पन डाग येतेत. बरोब्बर चेहऱ्यावर येतेत."

"डाग नको बाबा!" तात्याबा म्हणाले, आणि स्थळांचे पत्ते परत खिशात गेले.

माझ्या नस्तीत त्या तारखेला नोंद आहे: "लेन्स क्र. १, पन्नास. बुरशी आढळली. तपासणी शेख वाहेद यांचेकडून." एवढ्या नोकरीत मी केलेली ही पहिली खोटी लेखी नोंद. (तोंडी मोजत नाहीत.) लेन्स गच्चीवर उन्हात ठेवली गेली, राजश्रीच्या कुरडयांशेजारी. दर रविवारी तात्याबांचा फोन यायचा, ऊन चांगलं पडतंय का म्हणून. मी सांगायचो, पडतंय. अंजली पुन्हा माझ्यासमोर लेन्सची माहिती घेऊन बसली नाही. तिला आता गरज नव्हती. एकदा फक्त चहा घेऊन आली, कप ठेवला आणि म्हणाली, "काका, नव्वद खरंच चांगली हाय." मी म्हणालो, "अभ्यास कर."

पेपर झाला. निकाल लागला. अंजली निवड यादीत आली आणि मुबश्शिरा प्रतीक्षा यादीत दुसरी आली. वाहेदने दुकान बंद ठेवून पेढे वाटले.

दादा आधी अर्धा तास रडले आणि मग थेट फ्लेक्सवाल्याकडे गेले. दिंद्रुडच्या चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला. त्यावरचा फोटो प्रवेशपत्रावरून घेतला होता, डावा कान कापलेला, डोळे अर्धवट मिटलेले. कुठल्या लेन्सने काढला असं गावात एकानेही विचारलं नाही. खाली शुभेच्छुकांमध्ये मी डावीकडून तिसरा, काळ्या गॉगलमध्ये आहे.

अंजली रुजू झाली त्या दिवशी मी अंगणात तिचा एक फोटो काढला. रोलमध्ये अजून पस्तीस शिल्लक आहेत, ते संपले की धुवून कळेल.

आता स्थळं आपोआप येऊ लागली. पहिल्या पंधरवड्यात मुलांचे एकोणीस बायोडाटे आले, त्यात सहा एकट्या तात्याबांनी आणले. पाटोद्याची मंडळीही पुन्हा विचारून गेली, आणि मावशी म्हणाल्या की मुलगी त्यांना तेव्हाच पसंत होती. अंजलीने कुणालाही नाही म्हटलेलं नाही. तिने माझ्याकडून फक्त एक कोरा तक्ता मागून घेतला. रकाने तिचे तिने बदलले: शिक्षण, नोकरी, स्वयंपाक येतो किंवा कसे, आई काय बोलते, मावशी काय बोलते, बायकोची बदली झाल्यास बरोबर येण्याची तयारी, आणि शेरा. दादा दर आठवड्याला विचारतात, "झालं का ठरवून?" ती म्हणते, "पप्पा, छाननी चालू हाय."

तरी वाचकांपैकी ज्यांनी आपल्या मुलाचा बायोडाटा आमच्याकडे पाठवला आहे त्यांना कळवण्यात येतं की तो पोचला आहे. बुलेटला टेकून काढलेला फोटोही मिळाला, त्यात बुलेट चांगली आली आहे. प्रकरण विचाराधीन आहे. फोन करू नये, स्मरणपत्र पाठवू नये. तोवर मुलाला काही शिकायचं असेल तर शिकू द्यावं. त्याचं वय वाढत चाललं आहे, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे.